कोणी तरी पानावर आहे

हमीदभाऊ, काल पॅच टाकला. तिन्ही मशीनवर, भरदुपारी, आणि कुठंच काही बंद पडलं नाही. एटापल्लीत नाही, सिरोंच्यात नाही, चिमूरला नाही. संध्याकाळी मी एकेका दवाखान्याला फोन करून विचारलं, "आज काही अडचण आली का?" तर सगळे उलट मलाच विचारायला लागले, "काऊन? काही झालं का?" हे तुम्हाला सांगावं म्हणून हात आपोआप तुमच्याच नंबरवर गेला. लावलाही. भाभींनी उचलला. मी म्हटलं, "भाभी, मी वनिता." आणि फोन ठेवून दिला.

म्हणून आता इथं लिहून सांगते. माझ्या पोटात काही राहत नाही, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे? सगळं नीट झालं, भाऊ. फक्त पहिल्या मशीनवरून एक जण उठत नव्हता. त्याचं शेवटी सांगते, आधी मला जरा दम घेऊ द्या.

लोक मला विचारतात, तुम्ही दोघं चंद्रपूरच्या त्या थंडगार खोलीत नेमकं करत काय होता? माझ्या आईनं तर आमच्या चिमूरमध्ये सांगून ठेवलंय की पोरगी दवाखान्यात मोठी डॉक्टरीण आहे. मी कितीदा सांगितलं, अगं माय, मी डॉक्टर नाही, आम्ही मशीन सांभाळतो. दोन जिल्ह्यांतल्या दवाखान्यांना कोणत्या गटाचं रक्त हवं, कोणत्या रक्तपेढीत ते आहे, ते आणायला गाडी कुठून निघाली, हे सगळं त्या तीन सर्व्हरांवर असतं. तिन्हींवर तेच. एक आजारी पडली तर दोघी ओढतात. आणि पॅच म्हणजे ठिगळ. सॉफ्टवेअरला कुठं भोक सापडलं की ते बनवणारे लोक ठिगळ पाठवतात. चोराला ते भोक सापडायच्या आत लावायचं असतं, आणि लावायला मशीन बंद करून चालू करावी लागते. तिकडं सिकलसेलची लेकरं, त्यांना रक्त कधी लागेल याचा काही नेम नाही. तुम्ही म्हणायचात, "ठिगळ लावाचं, पण अंगातला सदरा काढाचा नाई. एवढंच आपलं काम हाय."

पहिल्या दिवशीचं आठवतं का? मी नागपुरातल्या एका कंपनीतून आलेली, लय शहाणी. तिथं आमची रीत सोपी. रात्री सगळ्यांना पाटी दाखवायची, 'देखभालीसाठी सेवा बंद आहे', दोन तास सगळं बंद, सकाळी चालू. मी तुम्हाला तेच सुचवलं. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडं पाहिलंत. "रात्री? चोरासारखं काऊन कराचं बाप्पा? काही बिघडलं तर उठवशील कोणाले? एटापल्लीची सिस्टर रात्री एकटी असते. दुपारी जेवणाच्या वेळेले कर. ओपीडी संपलेली असते, सगळे जागे असतात, फोन उचलतात."

मी म्हटलं, "दुपारी केलं तर लोकांना कळेल नं."

"बंद पडलं तर कळन. बंद काऊन पडन? तू एका वेळी एकाच मशीनले हात लाव नं."

एका वेळी एक हे मला पुस्तकातून माहीत होतं हो. पण ती एक रिकामी कशी करायची, ते मी तुमच्याकडून शिकले. तुम्ही वडशाचे. मोहल्ल्यात कोणाचंही लग्न असो, वाढायला हमीद हजर. भाताचं घमेलं घेऊन पंगतीतून फिरण्यात तुमची जवानी गेली, असं भाभी अजून म्हणतात. त्यामुळं तुमच्यासाठी सर्व्हर म्हणजे मांडव. "हे पाय," तुम्ही म्हणालात, "दारातल्या माणसाले सांग, या मांडवात नवे लोक पाठवू नको, बाजूच्या दोन मांडवांत बसव. आणि जे बसले हाय त्याइले जेवू दे. भरल्या पानावरून उठवू नये कोणाले. शेवटचा माणूस हात धुवून गेला का मग झाडू मार." दारातला माणूस म्हणजे कामं वाटून देणारा लोड बॅलन्सर. मी चार वर्षं कॉलेजात जे इंग्रजीतून शिकले ते तुम्ही वरणभातासारखं वाढलंत, आणि मला खुदकन हसू आलं. तुम्हाला वाटलं मी टिंगल करतेय. नव्हते करत. खरंच नव्हते.

आणि ती तुमची मोठ्यानं बोलायला लावायची सवय! तरुणपणी झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टर होतात म्हणून. विंगेत बसून नटाला वाक्य पुरवायचं, आणि पहिल्या रांगेलाही ऐकू जाऊ नये. आपल्या खोलीतही तेच. पॅच टाकताना तुम्ही कीबोर्डला हात लावायचा नाही. तुम्ही हळूच सांगायचं, मी टाइप करायचं, आणि एंटर दाबायच्या आधी मी ते मोठ्यानं म्हणायचं. तुम्ही "हव" म्हटलं की एंटर. मला सुरुवातीला इतका राग यायचा! मी काय पहिलीतली पोरगी आहे का पाढे म्हणायला? एकदा चिडून म्हटलं, "भाऊ, हे सगळं मी एका स्क्रिप्टमध्ये टाकते. एक बटण दाबलं की तिन्ही मशीन आपोआप, एकामागून एक." तुम्ही म्हणालात, "टाक. पण त्या स्क्रिप्टले ऐकू येते का?"

हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. मी अजूनही म्हणते की अर्धं काम स्क्रिप्टनं करावं, माणूस दमतो, चुकतो. तुम्ही म्हणायचात, "चुकन, पण थांबन तं." बरं, राहू द्या.

दुसरा वाद पंडुमचा. तो तर आपण घसा बसेपर्यंत घातला. एटापल्लीच्या मडावी सिस्टरनं तुम्हाला कधीतरी सांगितलं होतं की त्यांच्या गावात नवा आंबा आला तरी पंडुम झाल्याशिवाय, म्हणजे देवाला दाखवून गावानं सण केल्याशिवाय, कोणी तोंडाला लावत नाही. झालं! तेव्हापासून नवा पॅच आला की तुमचं सुरू: "पंडुम झाला काय याचा?" कोपऱ्यातली ती जुनी खटारा मशीन, तिला आधी चाखायला द्यायचा, ती दोनचार दिवस धड राहिली तरच बाकीच्यांना. मी डोकं आपटून घ्यायची. "भाऊ, तोवर भोक उघडं आहे! चोर काय पंडुम पाळतो?" तुम्ही शांत. "कच्चा आंबा खाऊन पोट दुखलं का चोराची गरज नाई पडत." एकदा त्या खटारा मशीननं खरंच दोन दिवसांत मान टाकली, आणि त्याच पॅचची दुरुस्ती मागाहून आली. तुम्ही फक्त टपरीवरून माझ्यासाठी आलूबोंडा आणलात. मला त्या आलूबोंड्याचा जास्त राग आला. खाल्ला मात्र.

पण ज्या एका दुपारसाठी मी तुमचे पाय धरावेत असं मला वाटतं, ती वेगळीच. जुलैचे दिवस होते. पॅच तातडीचा होता, पहिली मशीन रिकामी करायला घेतली होती. पडद्यावर आत बसलेल्या लोकांचा आकडा उतरत आला आणि एकावर येऊन अडला. एक जोडणी, एटापल्लीकडची. हलेना, बोलेना. मला स्पष्ट दिसत होतं की ती मेलेली आहे. तिकडं टॉवर गेला की अशा जोडण्या लोंबकळत राहतात, पुस्तकात लिहिलंय, तोडा आणि पुढं जा. मी म्हटलं, "तोडते."

"थांब. कोणी तरी पानावर हाय."

"कोणी नाही भाऊ, भूत आहे ते."

"वनिताबाई," तुम्ही म्हणालात. राग आला की तुम्ही मला बाई म्हणायचात. "भूत असन तं फोन उचलणार नाई. विचारून पाहाले काय जाते?"

फोन लागेना. तुम्ही लावत राहिलात. आपल्या साहेबांचा नागपूरहून फोन, अजून झालं कसं नाही म्हणून. तुम्ही माझा फोन हातातून घेऊन म्हणालात, "साहेब, एक जण जेवून राह्यला," आणि ठेवून दिलात. मी कपाळाला हात लावला. शेवटी मडावी सिस्टरनं फोन उचलला, धापा टाकत. टॉवर येत होता, जात होता, ती एका लेकरासाठी रक्ताची मागणी भरत होती. अर्धी भरली की लाइन जायची, आली की तिथूनच पुढं. आपण तोडलं असतं तर तिला परत पहिल्यापासून, आणि परत लाइन येते केव्हा कोणाला माहीत. तुम्ही तिला एवढंच म्हणालात, "सावकाश होऊ द्या, बाई. झालं का सांगा." अगदी पंगतीत म्हणतात तसं. घाई म्हणून नावाला नाही तुमच्या आवाजात. तिची मागणी पूर्ण झाली, गडचिरोलीहून रक्ताची पिशवी निघाली, आकडा शून्यावर आला, आणि तुम्ही माझ्याकडं वळून म्हणालात, "आता झाडू मार."

ते लेकरू आता शाळेत जातं. सिस्टर सांगते, भारी मस्तीखोर आहे.

तरी मी तुम्हाला सोडलं नाही. म्हटलं, "एकदा खरं निघालं म्हणून दरवेळी निघेल का?" आणि पुढच्याच खेपेला सिरोंच्याच्या क्लर्कची जोडणी अशीच अडली. तुम्ही फोनावर फोन. आपण ताटकळून बसलो, माझा डबा गार झाला. अखेर कळलं की तो भाऊ कॉम्प्युटरचा पडदा तसाच उघडा टाकून लग्नाला गेला होता! मी टाळीच वाजवली. "बघा! आता बोला!" तुम्ही जराही न ओशाळता म्हणालात, "मंग? तोही पानावरच होता नं." इतकी हसले मी, इतकी हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. आज तेच लिहिताना परत येऊन राह्यलं आहे, पण हसण्याचं नाही.

गेल्या महिन्यात शुक्रवारी तुम्ही नेहमीसारखी पिशवी उचललीत, दारात थांबलात, "येतो गं" म्हणालात आणि वडशाच्या गाडीला गेलात. रविवारी फोन आला. मी आले. पुरुष तुम्हाला कबरस्तानात घेऊन गेले होते, मी भाभींजवळ बसले. भाभी रडत नव्हत्या, सारखं तेच सांगत होत्या. "चांगले जेवले वं. लाखोळीची डाळ केली होती, परत मागून घेतली. पोटभर जेवले, हात धुतले, म्हणाले जरा पडतो. असे पडले." मी त्यांचा हात धरून बसले. मला तेव्हा धड कळतही नव्हतं त्या मला हेच का सांगताहेत.

आणि मग हा पॅच. तातडीचा, मोठं भोक, सगळीकडं बोंब. साहेबांचा फोन आला. वाईट नाहीत ते, पण घाबरलेले. म्हणाले, "हमीद नाही आता. तू एकटी रिस्क घेऊ नको. सरळ नोटीस दे, रात्री दोन तास सगळं बंद ठेव, करून टाक. त्याची पद्धत त्याच्यासोबत गेली." हे शेवटचं वाक्य मला असं झोंबलं! म्हटलं, "साहेब, त्या दोन तासांत एटापल्लीला रक्त लागलं तर?" ते म्हणाले, "दोन तासांनी काय होतं?" मी सांगितलं, मी दुपारी करणार आणि काही बंद पडणार नाही. पडलं तर पुढच्या वेळेपासून तुमची पाटी लावू, मी शब्द काढणार नाही. बोलले तर खरी, पण फोन ठेवल्यावर वाटलं, हे काय बोलून बसले. माझी नोकरी गेली असती तर गेली असती, भाऊ. पण काल माझ्या हातून एक चूक झाली असती तर तुमची सगळी रीतच एका पाटीमागं गेली असती.

पंडुम केला. छोटा केला, रागावू नका, एवढा वेळ नव्हता. खटारा मशीननं चाखला, दिवसभर नीट राहिली. दुसऱ्या दिवशी सगळ्या दवाखान्यांना फोन केले, ओपीडी आटोपली का विचारलं, आणि बसले. एकटीच बोलत. टाइप करायचं, मोठ्यानं म्हणायचं, थांबायचं, मग एंटर. त्या थांबण्यात तुमचा "हव" नव्हता. दारातल्या माणसाला सांगितलं, पहिल्या मांडवात नवं कोणी नको. दवाखान्यांचा आकडा उतरला, उतरला, शून्य झाला. मग मशीन बंद करायच्या आधी आपण पाहतो तसं पाहिलं, आत अजून कोणी आहे का. एक जण होता.

नाव पाहिलं. हमीद.

कोणी टिंगल केली की काय, असं क्षणभर वाटलं. मग लक्षात आलं. तुमचा टेबलावरचा कॉम्प्युटर. त्या शुक्रवारी तुम्ही पडदा बंद केलात, कॉम्प्युटर चालूच ठेवलात, आणि नंतर त्याला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. झाडूवाली मावशीसुद्धा ते टेबल सोडून पुसते. तुम्ही तिथून पहिल्या मशीनवर शिरून बसला होतात ते तसेच बसलेले होतात, इतके दिवस.

साहेबांचा फोन आला. "थांबलं का काही?"

"एक जण आहे अजून."

"कोण?"

"आपलाच माणूस आहे."

"मग काढ नं त्याला, वाट कोणाची पाहतेस?"

"काढते साहेब. जेवण होऊ द्या." ते पुढं काही तरी बोलत होते. मी तुमच्यासारखाच फोन ठेवून दिला.

खरं तर काढायचीही गरज नव्हती. मशीन बंद केली असती तर तुम्ही आपोआप गेला असता, कोणाचंच काही नुकसान नव्हतं. पण मला ते होईना. उठून तुमच्या टेबलाशी गेले, पडदा चालू केला. तुमची ती हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडी होती. त्यात एटापल्लीची लाइन. जिवंत आहे का, जिवंत आहे का, असं मशीन दर थोड्या वेळानं विचारत होती आणि तिकडून उत्तर येत होतं, ओळीखाली ओळ. जुलैतल्या त्या दुपारनंतर, मशीन बंद करायची वेळ सोडली तर, तुम्ही ती खिडकी कधी बंदच केली नव्हती, हे मला काल कळलं. मला कधी बोलला नाहीत. मला वाटायचं तुम्ही बातम्या वाचता.

तुमच्या खुर्चीवर बसले आणि रडले, चांगली पोटभर. मग डोळे पुसून मडावी सिस्टरला फोन लावला. विचारलं, लाइन बरी आहे का. ती म्हणाली, "बरी हाय. पण मॅडम, हमीदभाऊ रोज सकाळी फोन करे, रातची लाइन कशी होती म्हणून. आता आमची लाइन कोण पाहते?"

मी म्हटलं, "मी पाहते."

"खरंच?"

"खरंच सिस्टर."

मग मी माझ्या टेबलाशी गेले, दुसऱ्या मशीनवर तीच खिडकी उघडली. एटापल्लीकडून उत्तर यायला लागलं. परत तुमच्या टेबलाशी आले. दोन्हीकडं तेच, ओळीखाली ओळ. भाभींचं आठवलं, परत मागून घेतली, पोटभर जेवले, हात धुतले. तुम्ही मला काम शिकवलं असं लोक म्हणतील, म्हणू द्या. माझ्यासारख्या तोंडाळ, उतावळ्या बाईला तुम्ही एका माणसासाठी थांबायला शिकवलं, हमीदभाऊ. त्याचे उपकार मी कधी तोंडानं बोलले नाही. भांडतच राहिले.

तुमच्या खिडकीतून बाहेर पडायचा शब्द टाइप केला. एंटरवर बोट ठेवलं. आणि आपल्या नियमाप्रमाणं, दाबायच्या आधी, मोठ्यानं म्हटलं:

"उठा आता, भाऊ. एटापल्ली मी पाहून राह्यली."